छिंदवाडा ते पचमढी एका दिवसात: स्पोकवर फुटलेलं खापर

नागपूरहून सायकलनं पचमढीला जाणारे बहुतेक गट दोन दिवसांचा बेत आखतात. पहिल्या दिवशी सावनेर, सौंसर, सिलेवानी घाट करत छिंदवाडा, म्हणजे सव्वाशेच्या थोडं वर किलोमीटर. दुसऱ्या दिवशी परासिया, तामिया, मटकुली करत पचमढी, एकशे तीसच्या आसपास. कागदावर दोन्ही दिवस जुळे भाऊ वाटतात, आणि इथेच घोळ सुरू होतो. महाशिवरात्रीला चौरागडावर आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला विदर्भातून माणसांची रीघ लागते, त्यामुळे हा रस्ता प्रत्येक गटात कुणी ना कुणी पाहिलेला असतो. पण तो बसच्या नाहीतर जीपच्या खिडकीतून पाहिलेला. त्या खिडकीतून फक्त शेवटचा घाट लक्षात राहतो.

इथे त्या दुसऱ्या दिवसाचाच हिशेब मांडला आहे. महिना डिसेंबरचा, मध्य उलटलेला. चौघं सायकलस्वार आणि त्यांच्या वेळा नमुन्यादाखल रचलेल्या आहेत; रस्ता, यंत्र आणि गणित मात्र खरं. चौघं संध्याकाळी पाचला मटकुलीला पोचले, घाट चढलेच नाहीत, सायकली जीपवर टाकून पचमढीला गेले. रात्री जेवताना सगळ्यांचं एकमत झालं की तामियाच्या चढावर मागचा स्पोक तुटला म्हणून दिवस हातचा गेला. घड्याळ तसं म्हणत नाही.

रस्ता कसा आहे

छिंदवाडा समुद्रसपाटीपासून ६७५ मीटरवर आहे. नागपूर ३१० वर, म्हणजे आदल्या दिवशीच साडेतीनशेहून जास्त मीटरचा निव्वळ चढ पायात असतो. छिंदवाड्याहून परासियापर्यंतचे तीसेक किलोमीटर कोळसा खाणींच्या पट्ट्यातले, फार चढाचे नाहीत. ट्रक सांभाळत गेलं की झालं. परासियानंतर रस्ता साताऱ्या-कोकणातल्या घाटांसारखा एकदम उठत नाही. चढतो, पुन्हा थोडा उतरतो, पुन्हा चढतो, आणि साठेक किलोमीटरवर तामियाला हजार मीटरच्या आसपास पोचवतो. निव्वळ चढ सव्वातीनशेचा असला तरी पाय त्याहून बरंच जास्त चढतात, कारण मधल्या प्रत्येक उताराची परतफेड करावी लागते.

मग खरा डाव. तामियाहून देलाखारीकडे रस्ता कोसळतो आणि देनवा नदीच्या खोऱ्यात मटकुलीपर्यंत चारशेच्या आसपास येतो. सकाळपासून कमावलेली सगळी उंची तिथे जाते, वर छिंदवाड्याचीही थोडी जाते. मटकुलीहून पचमढी आणखी २८ ते ३० किलोमीटर आणि सुमारे साडेसहाशे मीटर वर. म्हणजे एका दिवसात दोन डोंगर चढायचे, आणि दुसरा मोठा असून तो दुपारनंतर येतो.

त्यात डिसेंबर. या अक्षांशावर दिवस पावणेअकरा तासांचा. पावणेसातच्या आसपास सूर्य उगवतो, साडेपाचला मावळतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हाच रस्ता केला तर तासाभराहून जास्त उजेड पदरात पडतो. पण थंडीतच जायचं, हा नागपूरकरांचा हट्ट. उन्हाळ्याचा ४५ अंशांचा अनुभव पाहता तो समजण्यासारखा आहे.

घड्याळ

बेत असा होता: साडेसहाला निघायचं, सव्वाआठला परासिया, वीस मिनिटं चहा. ११.२० ला तामिया, ३५ मिनिटांत जेवण. पुढचे ४५ किलोमीटर ताशी २० च्या वेगानं, म्हणजे २.१० ला मटकुली. पंधरा मिनिटं दम खाऊन घाट, त्याला थकल्या पायांनी थांबे धरून तीन तास. पचमढीच्या नाक्यावर ५.२५.

हा बेत वाचून कुणालाही खटकायला हवं होतं. सगळं बिनचूक पार पडलं, एकही पंक्चर झालं नाही, कुणाचीही पिशवी ढिली झाली नाही, तरी सूर्यास्ताला जेमतेम पाच मिनिटं उरतात. सबंध दिवसाच्या डोंगरी प्रवासात एवढीच सवड ठेवणं म्हणजे बेत नव्हे, नवस.

घडलं ते असं. लॉजचा हिशेब, धुकं, पोह्यांच्या ठेल्यावर रेंगाळणं यात निघायला ७.४० झाले: ७० मिनिटं गेली. परासियाला चहा वीसऐवजी चाळीस मिनिटं चालला, आणखी २०. तामियाच्या चढावर स्पोक तुटला: ५०. जेवण पाच मिनिटं लांबलं. उतारावर डुलणारं चाक आणि एक ब्रेकचा थांबा मिळून २५. एकूण १७० मिनिटं. त्यात स्पोकच्या माथी, उताराचा भाग धरूनही, ७५ च्या वर काही लागत नाही. उरलेली ९५ मिनिटं सायकली ठणठणीत असताना गेली. तुटलेला स्पोक सगळ्यांना दिसतो, फोटोत येतो; पोह्याची दुसरी प्लेट येत नाही.

गिअर: चौघांचे चार हिशेब

स्वार, सायकल, पाणी आणि सामान मिळून ९५ किलो धरू, चढ ७ टक्क्यांचा, पेडल मिनिटाला ६० फेरे. त्याखाली गेलं की गुडघ्यावर ताण येतो. या वजनाला ७ टक्क्यांवर साधारण ७३ न्यूटन जोर सतत लागतो. आता प्रश्न एवढाच की सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते.

पहिल्याची हायब्रिड, पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चेनरिंग (पेडलजवळच्या चकत्या), मागे १२-३२ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच). पुढच्या २८ ला मागचं ३२ लावलं की एका फेऱ्यात १.९ मीटर, म्हणजे १३८ वॅट. नियमित सराव असलेल्या माणसाला तासभर झेपणारी गोष्ट. दुसऱ्याची रोड बाइक, ३४ ला २८: २.६ मीटर, १९० वॅटच्या आसपास. त्याच्याकडे सामान चारच किलो होतं म्हणून निभावलं. तिसऱ्याची एमटीबी (माउंटन बाइक), २४ ला २८ आणि २६ इंची चाक: १३० वॅटच्या खालीच, चौघांत सर्वांत हलका गिअर. चौथ्याची शहरी हायब्रिड, पुढे एकच ४२ ची चेनरिंग, मागे १४-२८ चं सात गिअरचं फ्रीव्हील (कॅसेटसारखाच चकत्यांचा संच). ४२ ला २८ म्हणजे एका फेऱ्यात सव्वातीन मीटर आणि २३६ वॅट. एवढी ताकद हौशी स्वार दहा-पंधरा मिनिटं लावू शकतो, पुढे नाही. मग फेरे ४० वर येतात, तो उभा राहून रेटतो, पाठ धरते आणि शेवटी सायकल हातात घेऊन चालतो.

चौथा नागपुरात चौघांत सर्वांत वेगवान होता, हे इथे सांगायलाच हवं. वर्धा रोडवर तीसच्या वेगानं तासभर ओढणारा. सपाटीवर ४२ ची चेनरिंग उत्तम चालते आणि नागपुरात सपाटीच आहे. सेमिनरी हिल्सचा चढ श्वास लागायच्या आत संपतो. घाटाची परीक्षा घ्यायची तर रामटेकच्या गडमंदिराचा गाडीरस्ता सामानासकट लागोपाठ सहा-आठ वेळा चढून पाहावा, किंवा थेट सिलेवानी घाट गाठावा. पहिल्या तीन फेऱ्यांत काही कळत नाही. पाचवीत गिअर खोटं बोलत असेल तर उघडं पडतं.

त्याच्या सायकलचा इलाज दौऱ्यापूर्वी स्वस्तात झाला असता. मागे १४-३४ चं फ्रीव्हील, लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), चेन दोन-चार कड्यांनी वाढवलेली. ४२ ला ३४ म्हणजे २.७ मीटर, दोनशे वॅटच्या खाली. पुढची चेनरिंग ३४ ची बसवता आली तर दीडशेच्या आसपास येतं. क्रँकला (पेडलच्या दांड्याला) चेनरिंग रिव्हेट मारलेली असेल तर सबंध क्रँक बदलावा लागतो, ते आधी बघून घ्यायचं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. दीडशे वॅटनं चालणारं शरीर तासाला पाचशेच्या वर कॅलरी जाळतं. पोटातून तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं आत जातात, उरलेलं शरीराच्या साठ्यातून खर्च होतं आणि तो साठा सकाळी निघताना आधीच आदल्या दिवसानं ओरबाडलेला असतो. चौथ्यानं सव्वासातला पोहे खाल्ले, नंतर फक्त चहा. साडेअकराला त्याची सायकल रस्त्यावर नागमोडी चालायला लागली, बोलणं तुटक झालं, ऊन असून अंगावर काटा. दोन केळी आणि मूठभर चिक्की म्हणजे झाले साठ ग्रॅम. हे दर तासाला, भूक लागण्याआधी. सौंसरहून घेतलेली आंबिया बहाराची संत्री सोबत होती. ती जिभेला छान, पण एका फळात दहा-बारा ग्रॅमच साखर. पाण्यात ओआरएस घालायचं तर पूर्ण पुडी एक लिटरला, अर्ध्या बाटलीला नाही.

स्पोक

तिसऱ्याची एमटीबी, मागे कॅरिअरवर १४ किलो, ३२ स्पोकचं कंपनीतून आलं तसंच चाक. परासियापासून वीसेक किलोमीटरवर, चढाला उभं राहून पेडल मारताना टणकन आवाज झाला आणि रिम दर फेऱ्याला डाव्या ब्रेक पॅडला घासायला लागली. उजवीकडचा, फ्रीव्हीलच्या बाजूचा स्पोक हबजवळच्या (चाकाच्या मध्याजवळच्या) कोपरात तुटला होता.

तोच का तुटतो? मागच्या चाकात उजवीकडे गिअरना जागा द्यावी लागते, म्हणून तिकडचे स्पोक जास्त उभे असतात आणि रिम मध्यावर ठेवायला त्यांना डावीकडच्यांपेक्षा बराच जास्त ताण लागतो. पेडलची ओढ आधी त्यांच्यावर. चाक फिरताना रस्त्याला टेकलेल्या भागातला स्पोक क्षणभर ढिला होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. २६ इंची चाकाला सव्वाशे किलोमीटरमध्ये असे साठ हजारांवर फेरे होतात. यंत्रावर बांधलेल्या चाकात काही स्पोक घट्ट, काही ढिले असतात. ढिला जास्त हलतो आणि कोपरातली धातू थकून तडकते. चेन कधी मागे पडून स्पोक खरवडला गेला असेल तर आणखी लवकर. म्हणजे हा स्पोक तामियाच्या चढावर तुटला असला तरी तडा बहुधा आधीच गेला होता. निघण्याच्या आठवडाभर आधी एका बाजूचे सगळे स्पोक बोटानं छेडून पाहिले असते तर बद्द वाजणारे सापडले असते. त्या वेळी दुकानात नुसतं 'आऊट काढून द्या' म्हणू नये. आऊट काढताना रिम सरळ होते, ताण समान होतोच असं नाही. ताण सारखा करून मागावा.

रस्त्यावर उजवा स्पोक बदलता आला नाही, कारण फ्रीव्हील काढायला त्याचं खास सॉकेट आणि हातभर लांब पान्हा लागतो. कॅसेटवाल्या हबलाही लॉकरिंगचं टूल लागतंच. केव्हलारच्या दोरीचा तात्पुरता स्पोक मिळतो, तो फ्रीव्हील न काढता ओवता येतो, यांच्याकडे नव्हता. मग उरतो तो उपाय असा.

सामान पूर्ण उतरवून सायकल उलटी करायची. तुटका स्पोक निपलमधून (स्पोकला रिमशी आवळणाऱ्या छोट्या नटातून) फिरवून काढून टाकायचा किंवा शेजारच्याला गुंडाळायचा. उजवा तुटला की रिम त्या जागी डावीकडे जाते. म्हणून रिमवर त्याच्या लगतचे दोन्ही शेजारी, जे डाव्या बाजूचे असतात, ते अर्धा-अर्धा फेरा ढिले करायचे. चाक फिरवून पाहायचं, मग लागेल तसा पाव फेरा. एकूण एक फेऱ्याच्या पुढे जायचं नाही, नाहीतर तेच स्पोक ढिले पडून उद्या तुटतात. चाक पूर्ण सरळ होत नाही. टायर फ्रेमला आणि रिम ब्रेकला लागत नाही एवढं पुरे.

या कामाला वीस मिनिटं पुरतात. पन्नास लागली त्याचं कारण स्पोक चावीची दिशा. टायरच्या बाजूनं निपलकडे पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं घट्ट होतं. हबकडून पाहिलं तर बरोबर उलट. उलट्या सायकलवर, घाईत, हबकडून पाहत चावी फिरवली गेली आणि ढिलं करायचे दोन स्पोक आधी करकचून आवळले गेले. शिवाय चावीच्या एका सैल खाचेनं निपलचे कोपरे घासले. मापाची खाच आधी दोन निपलवर लावून खात्री करावी, सैल बसत असेल तर ती नव्हेच. सरावासाठी जुनं चाक घेऊन घरी एक संध्याकाळ घालवली तर हे सगळं हाताला कळतं.

१४ किलोंपैकी सहा किलो इतरांनी वाटून घेतलं, हा निर्णय उत्तम. बाकी डुलत्या रिमला जागा द्यायला मागच्या व्ही-ब्रेकची केबल ढिली करावी लागली. उतारावरच्या पंचवीस मिनिटांतली बरीचशी इथून हरवतात.

उतार

तामियाला घामानं भिजलेल्या जर्सीवर थेट उतारावर जाणं ही चौघांची एकत्र चूक. डिसेंबरात ताशी ३५-४० नं उतरताना दहा मिनिटांत बोटं बधिर होतात आणि ब्रेकचा अंदाज जातो. विंडचीटर वर, जेवणानंतर लगेच घालायचा. नसेल तर जर्सीखाली छातीवर वर्तमानपत्र.

सहाशे मीटर उतरताना ९५ किलोची जवळजवळ ५६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वेगात असताना बरीच वारा खातो, हळू उतरलं की सगळी ब्रेकवर येते. तिसऱ्याचा मागचा ब्रेक अर्धाच राहिल्यानं तो पुढच्यावर सावकाश उतरत होता, आणि ब्रेक सतत दाबून धरल्यानं रिम तापत होती. रिम फार तापली तर ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन-तीन सेकंद जोरात दाबायचं, वेग पाडायचा, सोडून द्यायचं. रिम गार व्हायला सरळ भागात वारा मिळतो. गटानं त्याला दर पाच-सात किलोमीटरला थांबवलं हे बरोबर केलं. थुंकीचा थेंब रिमवर चरचरला तर अजून थांबायचं.

पहिल्याच्या हायब्रिडला केबलचे डिस्क ब्रेक. देलाखारीच्या पुढे त्याचा लिव्हर मुठीपर्यंत जायला लागला. केबलच्या डिस्कमध्ये पॅड झिजला की तो आपोआप पुढे सरकत नाही, कॅलिपरवरची आतल्या पॅडची घुंडी आणि केबलचा बॅरल हातानं फिरवावा लागतो. दहा मिनिटांत झालं. पॅडचा मसाला अर्ध्या मिलीमीटरवर आला होता. अशा पॅडवर निघूच नये, सुटी जोडी खिशात मावते.

मटकुली, संध्याकाळचे पाच

अर्धा तास उजेड, तीन तासांचा घाट, एक लंगडं चाक, एक रिकामा माणूस. तरी पहिला आणि दुसरा निघायला तयार होते.

"लाइट हाय ना बे, निघून जाऊ हळूहळू."

"अन् अस्वल आलं त मंग?"

अस्वलाचं बोलणं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. हा रस्ता सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. अस्वल, रानगवा, बिबट्या तिथले रहिवासी आहेत. समोरून उतरणाऱ्या गाडीच्या हेडलाइटनं वळणावर डोळे दिपतात, रस्त्याची कड दिसेनाशी होते. चढताना घाम आणि थांबताना एक आकडी तापमानाकडे घसरणारी थंडी. दोघं पुढे, दोघं मागे अशी फूट पडली तर पंप आणि पट्टी एकाकडे, जेवण दुसऱ्याकडे. जीप केली, हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय. तो घ्यायला पंधरा मिनिटं वाद लागला एवढंच.

वाद टाळायची तोड सोपी आहे. मटकुली सोडायची शेवटची वेळ घरूनच ठरवायची: सूर्यास्तातून घाटाचे तीन तास आणि अर्ध्या तासाची सवड वजा. डिसेंबरात ती येते दुपारी दोन. म्हणजे या गटाचा मूळचा, सगळं सुरळीत गेलं तर २.१० ला मटकुलीचा बेतसुद्धा नापास. छिंदवाड्याहून पचमढी एका दिवसात, सामानासकट, डिसेंबरात: हा टप्पाच चुकीचा आहे. तामियाला मुक्काम करावा. साठ किलोमीटर निवांत होतात, दुपारनंतर दरीचा देखावा पदरात पडतो. दुसऱ्या दिवशी साडेसातला निघालं की पावणेदहाला मटकुली, अर्धा तास पोटपूजा आणि सव्वाएकला पचमढी. मध्ये स्पोक तुटला, तरी चारच्या आत. ज्यांना एक रजा वाचवायचीच आहे त्यांनी सामान गाडीत पाठवावं आणि फेब्रुवारीत जावं.

जीपबद्दल. पिपरियाकडून येणाऱ्या सवारी जीप मटकुलीला भरलेल्याच असतात, चार सायकलींना जागा मिळत नाही. पूर्ण जीप ठरवावी लागते आणि टपावर कॅरिअर आहे का हे भाड्याच्या आधी विचारायचं. सायकली आडव्या रचताना डिरेलरची बाजू वर, पेडल शेजारच्या सायकलच्या स्पोकांत जाणार नाही असं वळवून, फ्रेम-फ्रेममध्ये टॉवेल. दोरी फ्रेमच्या नळ्यांना बांधायची. रिमला बांधली तर घाटाच्या वळणांवर चांगली चाकंही आऊट होतात. डिस्क ब्रेक तेलाचा (हायड्रॉलिक) असेल आणि पुढचं चाक काढलं तर कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची घडी खोचायची, म्हणजे कुणी लिव्हर दाबला तरी पॅड चिकटणार नाहीत.

तुटलेल्या स्पोकचा तुकडा फेकायचा नाही. दुकानात माप त्याच्यावरूनच मिळतं, आणि मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या स्पोकांत एक-दोन मिलीमीटरचा फरक असतो. तुटला उजवा, तर उजव्याच मापाचे तीन घ्यायचे: एक बसवायला, दोन सीट-ट्यूबला टेपनं चिकटवून परतीसाठी.